थोरलीला उठवण्याचा खटाटोप

थोरली भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच.

कारण कुणालाच सापडलं नाही. ताप नव्हता, सर्दी नव्हती, कुठे घसरली नव्हती. एका सकाळी चहा पिऊन तिने कप खाली ठेवला, "माझं आता झालं" असं जाहीर केलं आणि चादर ओढून भिंतीकडे वळली. धाकटीला वाटलं, चहाबद्दलच बोलतेय. दुपारी ती जेवायला उठली नाही तेव्हा उलगडा झाला. डॉक्टर आले, नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली. गुडघा हलला, बाकीची थोरली हलली नाही. "वयोमान," डॉक्टर म्हणाले आणि बॅग उचलून निघाले. एवढं तर धाकटी फी न घेता सांगू शकली असती.

थोरली आणि धाकटी या जावाजावा. धाकटी आता सत्तरीला टेकली होती, पण थोरली हयात असेतो धाकटेपणातून तिची सुटका नव्हती. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, पाठोपाठ गेले. थोरलीची एकुलती एक लेक परदेशात स्थायिक झाली. धाकटीला मूलबाळ नव्हतं. उरल्या या दोघी आणि त्यांच्यात एक स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरात उभा जन्म तीच भांडणं चालत आली होती: डाव कुठल्या खिळ्याला अडकवायचा, दूध कुणामुळे उतू गेलं आणि ओल्या फडक्याने कपाट पुसणाऱ्या माणसाला काय म्हणावं. धाकटीने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन लावून तिने हजारो माणसांना एकमेकांशी जोडून दिलं. घरात मात्र दोघींचं बोलणं भांडणापलीकडे कधी गेलं नाही. शिवाय एक्स्चेंजमध्ये काम केल्यामुळे हिच्या पोटात काही राहत नाही असं थोरलीचं ठाम मत होतं, आणि खरं सांगायचं तर राहत नव्हतंच.

थोरली पडल्यावर घरात शांतता झाली. धाकटीने एवढी वर्षं जिची वाट बघितली तीच ही शांतता, आणि ती आठवडाभरात तिला खायला उठली. तिने डाव मुद्दाम चुकीच्या खिळ्याला अडकवला, तोही आतल्या खोलीत ऐकू जाईल असा आपटून. आतून काही नाही. मग तिने ओल्या फडक्याने कपाट पुसलं आणि मोठ्याने सांगितलं, "पुसलं हो मी कपाट, ओल्यानेच." तरी काही नाही. तेव्हा मात्र ओट्याला टेकून धाकटी रडली. भांडायलाही माणूस उरलं नाही म्हणजे आपलं आता खरोखर संपत आलं, असं तिला वाटलं.

त्यातच घरात उंदीर झाला. फळीवरच्या डब्यातली बिस्किटं कमी व्हायला लागली. धाकटीने सापळा लावला, पण उंदीर वस्ताद होता. बिस्किटं खाऊन झाकण पुन्हा घट्ट लावून जायचा.

अशात पुतणीचा फोन आला. "काकू, आईचं असंच राहिलं तर मला काहीतरी ठरवावंच लागेल."

"काय ठरवणार?"

"बघते. आता ठेवते, मीटिंग आहे."

धाकटीच्या हातात रिसीव्हर तसाच राहिला. काय ठरवणार हे तिला सांगायची गरज नव्हती. पुतणी आईला घेऊन जाणार. विमानात बसवून कायमची नेणार. मग या घरात दोन पलंग, दोन कपाटं, दोन चष्म्यांची घरं आणि एकटी धाकटी. थोरली नाकासमोर नको असं ती जन्मभर म्हणत आली होती. ती खरंच नसणार म्हटल्यावर धाकटीने रिसीव्हर खाली ठेवला आणि आतल्या खोलीत डोकावून बघितलं. म्हणजे थोरलीला उठवायला हवं. ती हिंडती-फिरती झाली की पुतणी निर्धास्त होईल आणि आई राहील इथेच. हिशेब सरळ होता. इतका सरळ हिशेब दिसला की माणसाने खरं तर तिथेच घाबरायला हवं, पण ते कुणाला सुचतं?

उपाय सापडला दातांच्या दवाखान्यात. तिथे टेबलावर जुनी मासिकं असतात. त्यांतल्या एकात कुठल्याशा गावच्या म्हाताऱ्या बायकांचा फोटो होता. त्यांनी क्लब काढला होता. दर आठवड्याला एकाच रंगाचे कपडे घालून जमायचं, हसायचं, नाचायचं, वय लपवायचं नाही, उलट मिरवायचं. फोटोत सगळ्या तोंड उघडून हसत होत्या. दातांच्या दवाखान्यात बसून त्या उघड्या तोंडांकडे बघताना धाकटीला साक्षात्कार झाला. थोरलीला औषध नको, डॉक्टर नको. थोरलीला क्लब हवा.

पहिली सभा तिने घरीच बोलावली, आणि आतलं दार मुद्दाम उघडं ठेवलं, थोरलीच्या कानावर पडावं म्हणून. आल्या कोण? वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. रक्तदाबाचं यंत्र पिशवीत घेऊन हिंडणाऱ्या, म्हणून पाठीमागे सगळे ज्यांना रक्तदाब म्हणत त्या बाई. आणि इमारतीतल्या आणखी पाच-सहा जणी, ज्यांना धाकटीकडे काय चाललंय याचा घोर लागला होता.

धाकटीने मासिकातला फोटो फिरवला. सगळ्यांनी तो लांब धरून, मग चष्मा काढून, मग चष्मा घालून बघितला.

"उद्दिष्ट काय?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"मजा करायची."

"मजा हे उद्दिष्ट होत नाही. मजेतून काय साध्य होणार?"

तेवढ्यात रक्तदाब बाईंनी यंत्र काढून शेजारणीच्या दंडाला गुंडाळलंही होतं. आकडा वाचून दाखवल्यावर दुसरीने आपला आकडा सांगितला, तिसरीने आपली साखर सांगितली, चौथीने मणक्यातली नेमकी कोणती चकती सरकली ते पाठ फिरवून दाखवलं. सभा रंगली. फोटोतल्या बायका कशाला हसत होत्या कोण जाणे, पण या बायका एकमेकींची दुखणी ऐकताना खरोखर खुलल्या होत्या. धाकटीने घाईघाईने नियम केला: क्लबात दुखण्यांविषयी बोलायचं नाही. सुनांविषयी बोलायचं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज इतका मोठा आहे हे धाकटीला त्या दिवशी कळलं.

मग नाव. "वृद्ध" शब्द निघताच दोघी उठून उभ्या राहिल्या. "ज्येष्ठ"ला रक्तदाब बाईंचा आक्षेप होता, त्यांना अजून कुणी ज्येष्ठ म्हणत नाही, त्यांचं सगळं वेळेवर होतं. "आजी" म्हटल्यावर ज्यांना नातवंडं नव्हती त्यांचे चेहरे उतरले. मुख्याध्यापिकांनी "अनुभवसमृद्ध महिला विचारमंथन परिषद" सुचवलं. त्यावर चहा आला आणि नाव नंतर ठरवू असं ठरलं.

आतल्या खोलीतून एकदा खोकल्यासारखा आवाज आला. धाकटी धावत गेली. थोरली भिंतीकडेच तोंड करून होती, खांदे मात्र हलत होते. बिचारीला थंडी वाजत असेल म्हणून धाकटीने आणखी एक पांघरूण घातलं.

बातमी इमारतभर पसरली आणि सल्ल्यांची रांग लागली. तळमजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी जिन्यात गाठून विचारलं, "नाचणार आहात असं ऐकलं. सगळ्यांची वजनं मिळतील का? स्लॅबचं बघावं लागेल." सेक्रेटरी म्हणाले, इमारतीच्या हॉलमध्ये मोडकं फर्निचर ठेवलंय, ते काढायचं तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल, आणि सर्वसाधारण सभा बोलवायला हॉल लागेल. त्यापेक्षा समोरचा सार्वजनिक हॉल बघा. दार ओलांडलं की रस्ता, रस्ता ओलांडला की हॉल. अर्ज तेवढा वॉर्ड ऑफिसात करायचा.

ते "तेवढा" धाकटीला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

वॉर्ड ऑफिसातला कारकून वाईट माणूस नव्हता. तो फक्त प्रत्येक प्रश्नानंतर समोरच्या माणसाकडे असा बघायचा, जणू त्याच्या दुपारच्या झोपेची सगळी जबाबदारी त्या माणसावर आहे.

"कशासाठी हवाय हॉल?"

"आम्हा म्हाताऱ्या बायकांचा क्लब आहे. म्हातारपण साजरं करायला."

"साजरं," कारकून म्हणाला आणि पेन खाली ठेवलं. "बरं. ज्येष्ठांना हॉल सवलतीत मिळतो. सभासदांचे वयाचे पुरावे आणा."

धाकटी दारोदार फिरली. आणि तेव्हा तिला कळलं की इमारतीत म्हातारं कुणी नाही. रक्तदाब बाई पंचावन्न वर्षांच्या निघाल्या. त्यांचा थोरला मुलगा जवळजवळ तेवढाच होता. मुख्याध्यापिकांना निवृत्त होऊन इतका काळ लोटला होता की त्यांच्या निरोप समारंभात गाणं म्हटलेली विद्यार्थिनीही आता निवृत्त झाली होती, पण बाई अजून साठीच्या आतच होत्या. "कागद दाखवायला माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या, "पण हा तत्त्वाचा प्रश्न आहे." बाकीच्यांचे कागद माळ्यावर होते, मुलाकडे होते, पावसात भिजले होते. म्हातारपण साजरं करायला सगळ्या तयार होत्या, फक्त ते दुसऱ्या कुणाचं तरी असायला हवं होतं.

धाकटी पुन्हा कारकुनासमोर उभी राहिली. त्याने कागद चाळले. दोनच होते, तिचा आणि थोरलीचा.

"म्हणजे क्लब म्हाताऱ्यांचा, आणि म्हातारं कुणी नाही?"

"मी आहे की."

"एकटीचा क्लब होत नाही हो, बाई."

तो सहज बोलून गेला, नियम सांगावा तसं. पण धाकटीला ते फार लागलं. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि बराच वेळ रडू आवरत राहिली. एकटीचं काहीच होत नाही हे तिला ठाऊकच होतं. त्यासाठीच तर चाललं होतं सगळं. जेवणाच्या सुट्टीत कारकून बाहेर आला, तिला बघून वरमला आणि म्हणाला, "रडू नका. 'इतर'मध्ये टाकतो." अशा रीतीने क्लबला मंजुरी मिळाली. मंजुरीच्या कागदावर शिक्का होता, सही होती आणि संस्थेच्या नावापुढे, अर्जात होतं तसंच, ठसठशीत अक्षरात टाइप केलं होतं: "नाव नंतर ठरवू महिला मंडळ". बदलायचं तर नवा अर्ज. धाकटीने कागद पर्समध्ये ठेवला आणि घरी आली.

राहिला रंग. मुख्याध्यापिकांना राखाडी हवा होता, तो मळत नाही. धाकटीला फोटोतल्यासारखं काहीतरी भडक हवं होतं. शेवटी ती एकटीच कापडाच्या दुकानात गेली. दुकानदाराकडे पोपटी रंगाचा एक अख्खा तागा होता. तो त्याने इतक्या आनंदाने काढून दिला, भावही न मागता इतका उतरवला, की धाकटीला जगात चांगुलपणा आहे असं वाटलं. शिंप्याने सगळ्यांना ढगळ झगे शिवले, पुढे दोन मोठे खिसे. "चष्म्याला एक, गोळ्यांना एक," असं म्हणून रक्तदाब बाईंनी पहिल्यांदाच क्लबची स्तुती केली.

आता थोरली. धाकटीने तिच्या पलंगाशी जाऊन झगा दाखवला. "जाऊबाई, उद्या उद्घाटन आहे. तुम्ही यायचंय."

भिंतीकडून आवाज आला, "मला मेलीला उठवत नाही. कशाला माझे हाल करतेस?"

"उठू नका. खुर्चीतून नेते."

"नको म्हणते ना."

"जाऊबाई, तुमच्यासाठी केलंय हो सगळं." हे बोलताना धाकटीने झगा छातीशी घट्ट धरला. मग थोरली म्हणाली, "तो झगा आधी इस्त्री कर. बोळा झालाय त्याचा."

दुसऱ्या दिवशी वेताच्या खुर्चीत बसवून थोरलीची मिरवणूक निघाली. खुर्ची धरायला दोन वॉचमन, मागे इंजिनिअर, पुढे धाकटी. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली. इंजिनिअरांनी कोन मोजायला सुरुवात केली, एका वॉचमनचं म्हणणं कठडा कापावा लागेल, आणि सगळे वाद घालत असताना थोरली डोळे मिटून, मान एका बाजूला टाकून निपचित बसली होती. शेवटी मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, "मागचे पाय वर उचला आणि डावीकडून काढा, मेल्यांनो." खुर्ची सुटली. धाकटीला भरून आलं. आजारात सुद्धा हिचं दुसऱ्यांच्या चुकांवर लक्ष आहे.

हॉलमध्ये पोपटी झग्यातल्या सगळ्या जणी भिंतीला चिकटून रांगेत बसल्या. धाकटीने भाषण पाठ केलं होतं. ती बोलायला उभी राहिली, घसा साफ केला, आणि दार उघडून ढोल, ताशे, पिपाण्या, झांजा आणि एक भलामोठा भोंगा घेऊन बँडपथक आत आलं.

बँडमास्तर मिशीवाला होता आणि घाईत होता. त्याने झग्यांकडे एक नजर टाकली. "झालं का झाडून? चला, आटपा बायांनो. आमची प्रॅक्टिस आहे."

कुणाला काही कळेना. मग एका झांजवाल्याने सांगितलं, असेच पोपटी झगे वॉर्डातल्या सफाईवाल्यांना असतात. यंदा त्यांनी रंग नाकारला आणि तागा दुकानात पडून राहिला. मुख्याध्यापिका आपल्या झग्याकडे बघत राहिल्या आणि त्यांनी त्यावर ओढणी घेतली. दुकानदाराच्या चांगुलपणाचा खुलासा असा झाला.

"आम्ही क्लब आहोत," धाकटी म्हणाली. "आमच्याकडे परवानगी आहे." तिने कागद काढला. बँडमास्तरनेही कागद काढला. दोन्हीवर तोच वार, तीच वेळ, तोच शिक्का आणि त्याच कारकुनाची सही होती.

बँडमास्तरने तिचा कागद हातात घेऊन मोठ्याने वाचला. "नाव नंतर ठरवू महिला मंडळ." ढोलवाले खिंकाळले. "आजीबाई, आधी नाव ठरवा, मग हॉलमध्ये या. या वयात कसले क्लब? घरी जाऊन पडायचं सोडून लोकांचा वेळ खाताय."

धाकटी काहीतरी बोलायला गेली. आवाज फुटेना. जन्मभर तिने अनोळखी माणसांच्या शिव्या हेडफोनमधून ऐकल्या होत्या आणि शांतपणे "कृपया थांबा" म्हटलं होतं. पण तेव्हा समोर कुणी दिसत नसायचं. आता सगळे दिसत होते. तिने वळून आपल्या सभासदांकडे बघितलं. रक्तदाब बाई स्वतःच्या दंडाला पट्टा गुंडाळत होत्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मी पहिल्याच सभेत उद्दिष्ट विचारलं होतं." दोघी-तिघींनी पर्स उचलल्या. दारात सेक्रेटरी मोबाइल धरून शूटिंग करत उभे होते, पुढे वाद झाला तर पुरावा असावा म्हणून.

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पोपटी झगा, पर्समधून अर्धा बाहेर आलेला भाषणाचा कागद, नाकातून पाणी. सत्तर वर्षांत आपली एवढी शोभा कधी झाली नव्हती असं तिला वाटलं.

"कोण तो हिच्यावर ओरडतोय?"

आवाज वेताच्या खुर्चीतून आला होता. खुर्ची करकरली आणि थोरली उठली. कुणाचा हात धरला नाही, भिंतीला टेकली नाही. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती टाचा आपटत चालत गेली, बँडमास्तरच्या हातातली काठी काढून घेतली आणि तीच त्याच्या छातीला टेकवली.

"ही आमची धाकटी आहे. हिला बोलायचा अधिकार एकट्या माझा, आणि तो मी जन्मभर वापरलाय. तू कोण?"

बँडमास्तरची मिशी खाली आली. "चुकलं, आजी."

"चुकलं ना? मग वाजव आता. आणि नीट वाजव. मघा आत येताना तुझा ढोल एकीकडे आणि झांजा दुसरीकडे चालल्या होत्या."

बँड वाजायला लागला. हॉल लहान, भोंगा मोठा. कुणाचं दुखणं कुणाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. थोरलीने रडणाऱ्या धाकटीचे दोन्ही हात धरले आणि तिला गरागरा फिरवायला सुरुवात केली. ते नाचणं म्हणावं असं नव्हतं, फडकं झटकतात तसं होतं, पण धाकटी हसायला लागली. मग रक्तदाब बाई पट्ट्यासकट उतरल्या. मग बाकीच्या. शेवटी मुख्याध्यापिकांनी ओढणी खुर्चीवर ठेवली आणि त्या उद्दिष्ट नसताना नाचल्या. सेक्रेटरी शूटिंग करतच होते. त्यांनी ते इमारतीच्या ग्रुपवर टाकलं, ग्रुपवरून ते कुठे कुठे गेलं.

पुढचे काही दिवस धाकटीच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. दुसऱ्या इमारतींतल्या बायका नाव नोंदवायला आल्या. चारचौघींनी तर आपण होऊन खरं वय सांगितलं. थोरली हिंडू-फिरू लागली, डाव आपल्या खिळ्याला गेला, ओल्या फडक्यावरून सकाळीच वाजलं. थोरली अधूनमधून गप्प होऊन खिडकीत बसायची खरी, पण आजारातून उठलेलं माणूस बसतंच. धाकटी गॅसपाशी उभी राहून गुणगुणत होती. पुतणीचा फोन आला की ती मोठ्या अभिमानाने सांगायची, "आई तुझी? अगं, जिने चढते."

मग एके दिवशी पुतणी स्वतःच आली. न कळवता, दोन मोठ्या बॅगा घेऊन. एक तिची आणि एक रिकामी.

"काकू," तिने धाकटीला मिठीच मारली. "मी तर आशा सोडली होती हो. आईसाठी खोली रंगवून ठेवलीये तिकडे, पण डॉक्टर म्हणायचे, पडून असलेल्या बाईला एवढा लांबचा प्रवास झेपणार नाही. शेवटी इथेच दिवसरात्रीची बाई ठेवून द्यायचं ठरवत होते. आणि तो व्हिडिओ आला. बघितला आणि तिकीट काढलं."

पुतणी बाहेरच्या खोलीत प्रवासाचे कागद लावायला बसली. धाकटी आत गेली आणि दार लोटून घेतलं. थोरली पलंगाच्या कडेला बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"जाऊबाई, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"ही न्यायला येणार ते."

"खोली रंगवल्याचे फोटो आले तेव्हापासून माहीत होतं." थोरलीने घडी मोडून पुन्हा घातली. "एकटी असते गं ती तिकडे. फोनवर रडली. पोटच्या पोरीला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आजारी माणसाला नाही म्हणावं लागत नाही. म्हणून पडले."

धाकटी मटकन पलंगावर बसली. भिंतीकडे केलेलं ते तोंड, ते हलणारे खांदे, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"मला सांगायचं नाही का?"

"तुला? तासाभरात वॉचमनला कळलं असतं."

हे खरं होतं, त्यामुळे धाकटीला रागावताही येईना. "मला वाटलं, पडून राहिलात तर ती घेऊन जाईल. म्हणून उठवायला गेले. तुम्ही जाऊ नये म्हणून."

थोरलीचे हात थांबले. "मी जाऊ नये असं तुला वाटतं, हे मला कुठे माहीत होतं? इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणालीस?"

"तुम्ही तरी कुठे म्हणालात?"

बाहेर पुतणी कुणालातरी फोनवर आनंदाने सांगत होती, हो हो, एकदम ठणठणीत आहे.

"अजून पडता येईल," धाकटी हळूच म्हणाली. "पाय मुरगळला म्हणून सांगू. मी सांगते."

"तो नाच बघितलाय तिने. तिच्या ऑफिसातल्यांनीही बघितलाय."

"मग उठलातच कशाला तेव्हा? बसून राहायचं होतं डोळे मिटून. एवढे दिवस राहिलात, तासभर आणखी."

थोरलीने तिच्याकडे असं बघितलं, जणू असा वेडगळ प्रश्न फक्त धाकटीच विचारू जाणे. "तो मेला तुला बोलत होता," ती म्हणाली. "तू रडत होतीस. मी काय नुसती बघत बसू?"

धाकटीने थोरलीची घडी केलेली ओढणी उचलून पदरासारखी तोंडाला लावली. थोरली "अगं, चुरगळेल ती" म्हणाली, पण ओढून घेतली नाही.

दारावर टकटक झाली. "आई, उठता येतंय ना? का आधार देऊ?"

थोरलीने डोळे पुसले, पलंगावर हात टेकला आणि एका झटक्यात उभी राहिली. पाय लटपटला नाही की कंबर धरली नाही. दार उघडून पुतणी आत आली, आईकडे बघून तिचा चेहरा फुलला, आणि तिने धाकटीचे दोन्ही हात हातात घेतले.

"काकू, हे सगळं केवळ तुमच्यामुळे झालं बरं का."

"हो," धाकटी म्हणाली.